वेतोबाची पायताणं

शिरोडा,
रविवार, रात्र

प्रिय सदू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. तुझं म्हणणं असं की आपला आरवलीचा ग्रामदेव वेतोबा आणि पिंपळावरचा मुंजा, दोघेही आपल्याला सांगितले एकाच आजीने, एकाच ओटीवर, एकाच कंदिलाच्या उजेडात. मोठेपणी मुंजा गोष्टीत जमा झाला आणि वेतोबाला मात्र मी अजून हात जोडतो, हे कुठल्या हिशेबाने? पुरावा तर दोघांचा सारखाच.

पुराव्याचं म्हणशील तर तुझं खरं आहे. त्यावर मी वाद घालणार नाही.

चौथीत असताना आपण आरवलीच्या देवळात पायताणांच्या ढिगाजवळ उकिडवे बसलो होतो, आठवतं? माणसाच्या पायाला कधीच न होणारी ती मोठाली चामड्याची पायताणं, नवसाला वाहिलेली. नव्या जोडांना चामड्याचा उग्र वास. तू एक जुनं पायताण दोन्ही हातांनी उचलून पालथं केलंस. टाचेकडचं चामडं पातळ झालं होतं, कडेची शिवण उसवली होती आणि तळाला लाल माती धरली होती. "बघ रे, झिजलाहा," तू कुजबुजलास. देव रात्री गावाची फेरी मारतो म्हणून पायताणं झिजतात, हे आपल्याला वेगळं कुणी सांगायला नको होतं. आता तू म्हणतोस, दमट हवेत चामडं कुजतं, उंदीर कुरतडतात, जमिनीवर पडून माती लागते. असेलही. मी त्या टाचेवर कधीच भिस्त ठेवली नव्हती, हे मला तुझ्या फोननंतर कळलं.

मग भिस्त कशावर, तेच शोधत बसलोय.

आधी आत्याचं सांगतो, कारण ते तुला पूर्ण माहीत नाही. माझ्या धाकट्या आत्याला फिट यायची. घरात कुणी तो शब्द उच्चारत नसे. "तिका लागलाहा" एवढंच. पाणवठ्यावर तिन्हीसांजेला गेली, तिथे काहीतरी धरलं, असं ठरलं. बाहेरगावचा एक देवऋषी आणला. मी सात वर्षांचा, माजघराच्या दाराआडून बघत होतो. मिरच्यांची धुरी दिली, केस धरून प्रश्न विचारले, आणि शेवटी पितळेच्या तांब्यात चप्पल बुडवून ते पाणी तिला पाजलं. ती "नको रे, नको रे" म्हणत होती आणि तो म्हणत होता, "ह्या ती बोलणा नाय, ता बोलताहा." तिचं बोलणंच कुणी तिचं मानायला तयार नव्हतं. डॉक्टरकडे न्यायला पुढे तीन वर्षं लागली. गोळ्या सुरू झाल्या तशी ती माणसात आली.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. मी त्याची अनुसूची मुद्दाम वाचली. पहिल्याच बाबीत भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चप्पल भिजवलेलं पाणी पाजणं, सगळं ओळीने आहे. वाचता वाचता तो तांब्या डोळ्यांसमोर आला. कायदा करणाऱ्यांनी माजघराच्या दारातून बघितलं होतं, असं वाटलं. आणि त्याच कायद्यात पुढे प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही.

सदू, भुताला आपण चपलेने हाकलतो आणि वेतोबाला चपला देतो. वस्तू एकच. इतकी वर्षं हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

एक मात्र लपवत नाही. त्या देवऋष्याने नाव घेतलं होतं ते वेतोबाचंच. त्यामुळे देव म्हटला की सगळं चांगलं आणि भूत म्हटलं की सगळं वाईट, अशी वाटणी मला करता येत नाही. भीती देवाचा मुखवटा घालूनही घरात शिरते. तुझ्या रागाचं मूळ तिथेच आहे, आणि तो राग मला मान्य आहे.

पण वेतोबा मूळचा कोण? वेताळच ना? भुतांचा राजा. म्हणजे देव आणि भूत यांच्यातली रेघ आपल्या गावच्या देवाने केव्हाच ओलांडली आहे. तिकडे गोव्यात पैंगीणला, आमोण्याला वेताळाची पूजा होते. तुकोबांना हे मुळीच मंजूर नव्हतं. "वेताळें फेताळें । जळो त्यांचें तोंड काळें" असं त्यांनी स्वच्छ म्हटलंय, आणि त्याच अभंगात "मुंज्या म्हैसासुरें । हें तों कोण लेखी पोरें". वेताळ, मुंजा, खंडेराव, सगळे त्यांनी एका दावणीला बांधले आणि पंढरीरायाला तेवढं वेगळं काढलं. तुकोबांपुढे बोलायची माझी पायरी नाही. पण आपल्या माणसांनी वेताळाचं काय केलं ते बघ. त्याला "बा" म्हटलं. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, तसा वेतोबा. ज्याला भ्यायचं त्याला बाप करून घेतलं. त्याच्या हाती गावाची राखण दिली, केळीचा घड ठेवला, पायांत घालायला दिलं. आणि एकदा बाप म्हटल्यावर त्याला जाब विचारायची सोय झाली.

मला वाटतं, सगळं इथे आहे. गाऱ्हाणं आठव. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात होते, आणि पुढे मागणं असतं, तक्रार असते, वर्षाचं देणंघेणं असतं. गावकर एकेक वाक्य टाकतो आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. कुणाचा मुलगा मुंबईला बेकार आहे, कुणाच्या गाईला दूध नाही, हेही त्यात येतं. मुंज्याला कुणी गाऱ्हाणं घातलंय का कधी? त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षाच नाही. त्याने फक्त त्रास देऊ नये. आपली भाषासुद्धा असंच सांगते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणजे तू भ्यायला नाहीस तर तो नाहीच. आणि कुणी गाडीत बसून निघालं, आजारी पडलं, पोर परीक्षेला गेलं, की आपल्या आया काय म्हणतात? "देवाक काळजी." भुताक काळजी असं म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचंय.

तुला कळलं नसेल, शाळेजवळचा तो पिंपळ गेला. रस्ता रुंद करताना तोडला. कामावरची माणसं कुऱ्हाड लावेनात, तेव्हा ठेकेदाराने बुंध्यापाशी नारळ फोडला, अगरबत्ती लावली आणि काम सुरू झालं. संध्याकाळपर्यंत ओंडके ट्रकात. मी थांबून बघितलं. वाईट वाटलं ते झाडाचं. मुंज्याचं काय झालं, तो कुठे गेला, असं चहाच्या टपरीवर एकाही माणसाने विचारलं नाही. लहानपणी ज्याच्यासाठी आपण श्वास रोखून पळायचो, त्याचा हिशेब एका नारळात मिटला.

आता जे सांगतो ते तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. बाबा गेले त्या वर्षी मी वेतोबाला नवस बोललो होतो. ते अतिदक्षता विभागात होते. डॉक्टर रोज संध्याकाळी पाच मिनिटं बोलायचे आणि त्यातून काहीच हाती लागायचं नाही. रुग्णालयाच्या जिन्यात बसून मी म्हटलं, बाबांना घरी आण, तुला पायताणांचा जोड वाहीन. अकराव्या दिवशी बाबा गेले.

कार्य आटोपल्यावर मी एकटाच आरवलीला गेलो. दुपारची वेळ, देवळात कुणी नव्हतं. समोर ती उभी, माझ्याहून कितीतरी उंच मूर्ती. मी हात जोडले नाहीत. खांबाला टेकून उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो, आपल्या बोलीत. बाबांशी जसा कडाक्याचा भांडायचो, तसाच. अर्धा तास तरी. मग पायांतलं बळ गेलं आणि तिथेच लादीवर बसलो. उत्तर आलं नाही, दृष्टांत झाला नाही, फूल पडलं नाही. पण इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा रडलो ते तिथे. तू म्हणशील, ते भिंतीसमोरही झालं असतं. मी भिंतीसमोर बसून बघितलं होतं सदू, आधीचे बारा दिवस. झालं नाही.

नवस फळाला आला नाही, म्हणजे देणं लागत नव्हतं. तरी पुढच्या वर्षी मी जोड करून घेतला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही पुरतं सांगता येत नाही. एवढंच कळतं, की आपलं ज्याच्याशी भांडण झालंय त्याच्या पायांकडे बघवत नाही. तो रात्रीचा चालत असेल तर अनवाणी नको. नसेल चालत, तर ते चामडं तिथे पडून राहील आणि कुजेल. मला दोन्ही चालतं.

आत्यालाही मी हे सांगितलं. तिला विचारलं, तुला राग नाही येत वेतोबाचा? त्याच्या नावाने तुझे एवढे हाल केले. ती नारळ खोवत होती. म्हणाली, "त्येणा खय केल्यान? तो देवऋषी होतो." आणि पुढचं भकल खोवायला घेतलं. आजही ती जत्रेला जाते, गोळ्यांची पाकिटं पिशवीत घेऊन.

तू देव मान असं मी म्हणत नाही. तुझ्या न मानण्यात आत्यासारख्या कितीतरी बायकांची बाजू आहे आणि ती मला सोडायची नाही. मात्र मुंजा आणि वेतोबा एकाच पेटीत बंद करू नकोस. एकाला आपण विसरलो आणि काही बिघडलं नाही. दुसऱ्याशी माझं भांडण अजून चालू आहे.

यंदा जत्रेला ये. दशावतार पहाटेपर्यंत चालेल, आपण मागे चटईवर बसू. मी यंदाही जोड शिवायला दिलाय. शिवणाऱ्या काकांनी विचारलं, माप तेच ना? म्हटलं तेच. टाचेला या वेळी दुहेरी चामडं घालायला सांगितलंय.

तुझा,
विनू