सुमे, तुझा तो काळा सूट

प्रिय सुमे,

इकडे सगळे बरे. कोल्हापुरात आईचा गुडघा तसाच, बाबा रोज रंकाळ्याला चक्कर मारतात, मी ठणठणीत. तुझी बदली झाल्याचं कळलं, बंगळुरूत घर मिळालं का, बाळाचे दात आले का, ते सगळं निवांत सांग. आधी माझं ऐक कारण हे मी इथे पुण्यात कुणाला सांगितलं तर म्हणतील एका कॉस्च्युमचं एवढं काय. तुला कळेल. तुलाच कळेल.

माझ्या चिऊची पोहण्याची स्पर्धा होती रविवारी. रेसच्या आधी चेंजिंग रूममध्ये तिच्याच वयाची एक पोरगी, तिची आई आणि मावशी दोघी मिळून तिला तो गुडघ्यापर्यंतचा रेसिंग सूट चढवत होत्या. अंग ओलं होतं पोरीचं, वॉर्मअप करून तशीच आलेली, आणि आई नखांनी ओढतेय. मी म्हणणारच होते की अहो आधी कोरडं करा, बोटाच्या पेरांनी थोडा थोडा वर सरकवा, तेवढ्यात मांडीपाशी टर्रकन फाटला. वीस हजारांच्या वरचा सूट गं. आई ओरडली, पोरगी रडायला लागली, तिचं नाव पुकारायला लागले आणि शेवटी ती साध्या कॉस्च्युमवर हुंदके देत उडी मारायच्या ब्लॉकवर गेली. दहा वर्षांची पोर! आणि घरी येताना गाडीत चिऊ म्हणते, आई, मला पण तसाच पाहिजे, तो नसला की आपण हरतो.

सुमे, माझ्या पोटात गोळा आला. मला एकदम 2009 आठवलं. तुझ्या दुबईच्या मामानं आणलेला तो काळा सूट, तुझी ती रेस, आणि नंतर आपण किती महिने बोललो नाही ते.

तेव्हा मी म्हणाले होते की हे टायमिंग तुझं नाही, सूटचं आहे. तू म्हणालीस मी जळते. रागाव हवं तर, पण माझं मत आजही तेच आहे. तू आमच्यात सगळ्यात भारी होतीस, म्हणून तर जास्त लागलं मला. त्या वर्षी जगातच वेड लागलं होतं ना, रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला 43 वर्ल्ड रेकॉर्ड झाले, जर्मनीच्या बीडरमननं अमेरिकेच्या फेल्प्सला 200 मीटर फ्रीस्टाइलमध्ये हरवलं, आणि त्याचा तो 1:42.00 चा रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही. तुझ्यासारखा पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लास्टिकसारखा सूट पाणी पीत नाही, अंग आवळून धरतो, वर थोडं तरंगवतो, म्हणजे शेवटच्या पंचवीस मीटरला आपण दमलो की कंबर खाली जाते ना, ती तो जाऊच देत नाही. मग 1 जानेवारी 2010 पासून स्पर्धांत असले सूट बंद. फक्त कापडाचे, बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत, चेन नाही, एकावर एक दोन घालायचे नाहीत. आणि तू त्यानंतर दोन सीझन त्या एका टायमिंगच्या मागे धावलीस. प्रत्येक रेसनंतर बोर्डाकडे बघायचीस आणि तुझा चेहरा उतरायचा. चांगल्या रेस होत्या त्या, सरसुद्धा म्हणायचे, पण तुला पटायचं नाही. मग एक दिवस तू टँकवर यायचीच बंद झालीस. मला चिऊच्या बाबतीत ह्याचीच भीती वाटते, पैशाची नाही.

आता क्लबनं सगळ्या पालकांना लिस्ट दिलीय. रेसिंग सूट, दोन गॉगल, पायात घालायचे फिन्स, तळहाताला बांधायचे हँड पॅडल्स, स्नॉर्कल, मांड्यांत धरायचा तरंगता पुल बॉय, किकबोर्ड, जाळीची बॅग. आपल्याकडे काय होतं गं? एक नायलॉनचा कॉस्च्युम जो क्लोरीननं मागून पारदर्शक व्हायचा आणि ते स्वीडिश गॉगल, नाकावरचा दोरा आपणच ओवायचा, रबर नाही काही नाही, प्लास्टिक सरळ डोळ्याच्या खोबणीत. तुझ्या ताईच्या साखरपुड्याच्या सगळ्या फोटोत तुझ्या डोळ्याभोवती लाल गोल आहेत, काकू अजून सांगतात. पण गळायचे मात्र नाहीत हां, एकदा बसले की बसले.

गॉगलवर मी खर्च करणार हे ठरलंय. दुकानात तिला पट्टा न लावता नुसता डोळ्यावर दाबायला लावला, दोन क्षण तरी चिकटून राहिला तर तो तिच्या चेहऱ्याचा. सात-आठ बघितले तेव्हा एक बसला, नाकावरचा मधला तुकडा बदलून. पहाटेच्या प्रॅक्टिसला बिनरंगाचा आणि उघड्या टँकवर दुपारच्या रेसला आरशासारख्या काचेचा, नाहीतर बॅकस्ट्रोकला सूर्य थेट डोळ्यात. आतून बोट फिरवायचं नाही म्हणून रोज ओरडते, धुकं न धरण्याचा लेप निघून जातो. आणि रेसला दोन कॅप, पट्टा दोन्हीच्या मधे, म्हणजे डाइव्हला गॉगल उडत नाही. तरी पाणी शिरलं तर? तर फेल्प्स. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला 200 मीटर बटरफ्लायला त्याचा गॉगल भरला, काही दिसेना, तो हात मोजत पोहला आणि वर्ल्ड रेकॉर्डनं गोल्ड घेतलं. मी चिऊला सांगितलंय, भिंतीपर्यंत तुझे किती हात होतात ते मोजून ठेव. हे कुठल्या दुकानात मिळत नाही.

प्रॅक्टिसला पॉलिस्टरचा कॉस्च्युम घेतला, लायक्रावाला क्लोरीननं काही महिन्यांत ढिला पडतो. घरी आल्यावर साध्या गार पाण्यातून काढायचा, पिळायचा नाही, सावलीत टाकायचा, एवढं केलं तरी कितीतरी टिकतो. फिन्स घेतले, आखूड, किकचा वेग ठेवायला आणि घोटा मोकळा व्हायला चांगले. पॅडल्सला मात्र मी नाही म्हटलं. लिस्टमध्ये मोठ्या साइझचे होते, तळहाताच्या दीडपट! दहा वर्षांच्या खांद्यावर तो भार कशाला? तुझा उजवा खांदा आठवतो ना. अगदीच पाहिजे तर बोटांपुरते छोटे, तेही कॅच, म्हणजे हातानं पाणी पकडणं, शिकण्यापुरते. कोचना स्पष्ट सांगितलं, त्यांना आवडलं नाही, पण ऐकलं त्यांनी. किकबोर्ड टँकवर ढिगानं पडलेत, ते कशाला विकत घ्यायचे.

राहिला सूट. बाकीच्या आया म्हणतात सगळ्यांच्या मुली घालतात, तुमची एकटी मागे पडेल. मी सांगितलं की अमेरिकेत 2020 च्या सप्टेंबरपासून बारा आणि त्याखालच्या मुलांना असले सूट, वरच्या मोजक्या स्पर्धा सोडल्या तर, चालतच नाहीत. तर एकजण म्हणाली ते अमेरिकेत. अगं पण शरीर तेच ना! ह्या वयात आवळायला स्नायू कुठे असतात, सहा महिन्यांत पोर दोन बोटं वाढते आणि सूट वाया. तिचा वेळ जातोय भिंतीवर, टर्ननंतर डोकं वर काढते, हात कानामागे घट्ट नाहीत. ते सुधारलं तर कुठल्याही सूटपेक्षा जास्त मिळेल, ते तिचं असेल आणि पुढच्या सीझनला कुणी काढून घेणार नाही. तो वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी बीजिंगला गेला, आपल्या कोल्हापूरचा, आपण टीव्हीसमोर किती ओरडलो होतो. त्याच्या पायात जे होतं ते लहानपणीच पाण्यात घडलं असणार ना.

पण हे सगळं मी तिला सांगितलं की ती म्हणते, आई तुला परवडत नाही का? नवऱ्याचंही तेच, घेऊन टाक, रडणं तरी थांबेल. तो कधी पोहला नाही, त्याला वाटतं हा नव्या शूजसारखा हट्ट आहे.

म्हणून सुमे, तू बोल तिच्याशी. मी सांगितलं तर आईचं लेक्चर होतं. तुझी ती रेस कशी होती, पाण्यात कसं वाटलं, सगळं सांग, भारी वाटलं असेल तर तेही सांग, मला लपवालपवी नको. आणि नंतरची दोन वर्षंही सांग. हे तुला कधी विचारलं नाही मी, तू टँक का सोडलास ते. मी माझ्या मनानंच कारण धरून बसलेय. ते चुकीचं असेल तर मला पण सांग, चिऊला सूट घ्यायला हवा असं तुला वाटत असेल तर तसं सांग, मी भांडणार नाही. म्हणजे भांडेन, पण अबोला नाही धरणार.

पुढची स्पर्धा महिनाअखेर आहे, त्याआधी फोन कर, रात्री साडेआठनंतर कर कारण ती त्याआधी टँकवर असते आणि दहाला झोपते. व्हिडिओवर केलास तर तिला तुझा चेहरा दिसेल, ती तुला सुमामावशी म्हणून फक्त फोटोत ओळखते. भाऊजींना नमस्कार, बाळाला पापा. त्याला पाण्यात घातलंस का अजून?

तुझी,
नंदी