'एक्झॉर्सिस्ट'ला हसणाऱ्यांनी तो पूर्ण बघितलाच नाही

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या भुताच्या पिक्चरांवर लेख आला होता, त्यात 'द एक्झॉर्सिस्ट' ह्या इंग्रजी पिक्चरबद्दल म्हटलं होतं की आता त्याची कोणाला भीती वाटत नाही, आजची पोरं बघून हसतात. मला हे अजिबात पटलं नाही म्हणून लिहून राहिलो. हसतात ते कोण, तर ज्यांनी मोबाईलवर रील बघितली, मुंडकं गरकन फिरलं, हिरवी उलटी झाली, संपलं. अहो दोन तासांचा पिक्चर आहे तो! आणि त्यातला कितीतरी वेळ फक्त एक आई आहे, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, आणि तिची बारा वर्षांची पोरगी वेड्यासारखी वागायला लागली आहे, बस.

मग ती आई काय करते, पोरीला डॉक्टरकडे नेते. आधी गोळ्या, मग मेंदूत काही आहे का बघू म्हणून मानेत सुई टोचून तपासणी, रक्ताची चिळकांडी उडते, मशीन धाडधाड वाजते आणि पोरगी टेबलावर निमूट पडलेली. ह्या सीनमध्ये भूत नाही की मंत्र नाही. माझ्या भाच्याने मानेवाड्याला घरी मित्र जमवून हा पिक्चर लावला होता, मी पण बसलो होतो. उलटीला सगळे पोट्टे खिदळले, ते खरं आहे. पण ह्या तपासणीच्या सीनला एकाचाही आवाज निघाला नाही, एक जण तर उठून गॅलरीत गेला तो बराच वेळ आत आला नाही. घरचं लेकरू रिपोर्टची वाट बघत दवाखान्याच्या बाकावर बसलेलं ज्याने पाहिलं त्याला हे सांगायची गरज नाही.

आणि एक गोष्ट आपल्या विदर्भातल्या माणसाला जास्त लागते. आपल्याकडे अजूनही कित्येक घरात पोरीला झटके आले, ती बडबडायला लागली की पहिले 'बाहेरचं आहे' म्हणून भगताकडे नेतात, लिंबू उतरवतात, आणि सगळं करून थकले की मग डॉक्टर. पिक्चरमध्ये उलटं आहे. तिथे डॉक्टर थकतात, मोठ्या टेबलाभोवती बसलेले सुटाबुटातले डॉक्टर आईला स्वतःच विचारतात की तुम्ही पाद्र्याकडून विधी करून बघता का. त्यांचाही भुतावर विश्वास नाहीच, त्यांचं म्हणणं पोरीला वाटतं ना अंगात आलंय, मग त्याच समजुतीने उतरेलही. मला अख्ख्या पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त भीती ह्या मीटिंगची वाटते. शिकलेल्या माणसाने हात टेकले की आईने कुठे जायचं? पुढे ती पोरगी पलंगाला बांधलेली दिसते तेव्हा तर मला थेट आपला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आठवतो, भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं त्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे, आणि ते लिहावं लागलं कारण ते होत होतं.

पण सगळ्यात आत जाऊन बसतो तो फादर करास, ज्याच्याकडे ती आई शेवटी मदत मागते. हा पाद्रीही आहे आणि मानसोपचाराचा डॉक्टरही. त्याची म्हातारी आई न्यूयॉर्कमध्ये एकटी राहते, पाय दुखतो, घर सोडायला तयार नाही. मग तिला मनोरुग्णांच्या वॉर्डात ठेवावं लागतं आणि ती पोरालाच विचारते की तू माझं असं का केलंस. ती मरते तेव्हा दोन दिवस कोणाला पत्ताच नसतो. आता आपल्या धरमपेठेत, प्रतापनगरात बघा, मुलं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला आणि म्हातारे दोघं किंवा एकटंच कोणी तीन बेडरूमच्या घरात, रात्री व्हिडिओ कॉल झाला की दिवस संपला. पोरीच्या अंगातला सैतान मुंडकं फिरवतो ते सोडा हो, तो करासला त्याच्या आईच्या आवाजात हाक मारतो! त्याला बरोबर माहीत आहे ह्या माणसाचं दुखतं कुठे. मी वयाने वाढलो तसा हा भाग मला बघवत नाही.

आणि बनवलाय कसा ते पण बघा. कॉम्प्युटरची करामत नाही. खोलीत श्वासाची वाफ दिसते कारण दिग्दर्शक फ्रिडकिनने सेटच बर्फासारखा थंड केला होता. सैतानाच्या आवाजासाठी मर्सिडीज मॅककेम्ब्रिज ह्या बाईंनी कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या, दारू प्यायली आणि घसा पार खरवडून काढला. एका सीनमध्ये आईचं काम करणाऱ्या एलन बर्स्टिनला दोरीने असं ओढलं की तिच्या पाठीला खरंच इजा झाली, ती किंकाळी खरी आहे, हे कळल्यावर तर तो सीन अजून जड जातो. ऑस्कर मिळाले ते पटकथेला आणि ध्वनीला, मुंडक्याला नाही. म्युझिक पण फार थोडं, आजच्यासारखं ढँण करून आता घाबरा असं कोणी सांगत नाही.

आपल्या लोकांनाही ह्या विषयाची ताकद कळली होती. 1980 चा 'गहराई' आठवा, विकास देसाई आणि अरुणा राजे यांचा, पद्मिनी कोल्हापुरे झपाटलेली मुलगी आणि बाप डॉ. लागू, तेच लागू ज्यांनी देवाला रिटायर करा म्हणून जाहीर लिहिलं. त्याच्यावर तुमच्या पुरवणीत एक ओळ नाही ह्याचं वाईट वाटलं.

माझी विनंती एवढीच की नागपुरातल्या एखाद्या थिएटरवाल्याने नाहीतर फिल्म सोसायटीने हा पिक्चर मोठ्या पडद्यावर लावावा, चांगल्या साउंडमध्ये, रात्री नऊचा शो, लहान पोरांना आत सोडू नये आणि मोबाईल बाहेर ठेवायला लावावेत. लेख लिहिणाऱ्यांनी पण यावं, त्यांचं तिकीट मी काढतो.

आपला,
एक जुना वाचक,
त्रिमूर्ती नगर, नागपूर