आरोवानाला नाशिकला नेण्याआधी

पुणे,
१० जानेवारी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू सहज म्हणालास, "पंचवीसला टेम्पो येतोय, सकाळी मासा पिशवीत भरला की निघालो." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. कपाटं, फ्रीज, काकूंचं देवघर, सगळं नीट पोचेल. पण तुझा दोन फुटी सिल्व्हर आरोवाना सकाळच्या घाईत भरायचा नसतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. वाच, आणि कागद टाकीजवळच ठेव.

मल्हार आठवतो ना, माझा ऑस्कर मासा? कोथरूडचं घर सोडलं तेव्हा अकरा इंचांचा होता. मी खोलीत आलो की काचेपाशी यायचा. त्याला पकडलं कसं, ते मी तुला कधीच सांगितलं नाही. टाकी काठोकाठ भरलेली, आतले दगड जिथल्या तिथे, माझ्या हातात दुकानात मिळते ती हिरवी जाळी आणि खाली टेम्पोवाल्याचा हॉर्न. अर्धा तास मी त्याच्यामागे जाळी फिरवत होतो. तो दगडांवर आपटला, फिल्टरच्या पाइपवर आपटला. शेवटी जाळीत आला तो पार दमून. तसाच वर उचलला. एवढ्या वजनाला पाण्याबाहेर कशाचाच आधार नव्हता. दांडी वाकली आणि तो फरशीवर पडला. नव्या घरी एक डोळा पांढरा झाला, कुशीवर कापसासारखी बुरशी धरली, नवव्या दिवशी गेला. प्रवास जेमतेम चाळीस मिनिटांचा होता. माझा मल्हार त्या आधीच्या अर्ध्या तासाने गेला, सुहास.

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं चिलखत. जाळीच्या दोऱ्याने तो खरवडला की बुरशी आणि जंतू तिथूनच आत शिरतात. शिवाय जीव तोडून पळालेल्या माशाच्या स्नायूंत आम्ल साठतं, ते उतरायला कित्येक तास लागतात. अशा दमलेल्या जिवाला आपण पिशवीभर पाण्यात कोंडतो. तेव्हा पाठलाग करायचाच नाही, एवढं धरून चाल. मासा आपल्या पायाने, म्हणजे आपल्या शेपटीने, आत आला पाहिजे.

आधी टाकीच्या तळाशी राहणारे तुझे बाकीचे मासे, चार क्लाउन लोच आणि तो सकर, कारण त्यांची तयारी आजच सुरू करायची आहे. लोचच्या डोळ्याखाली एक काटा असतो. घाबरला की तो काटा उघडून ताठ करतो. जाळीत अडकतो आणि पिशवीलाही भोक पाडतो. सकरच्या परांचे काटे तसेच. चुकून अडकलाच तर ओढू नकोस, कात्रीने जाळी काप. त्यांना पकडायचा मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पीव्हीसीचा पाइप. फूटभर लांबीचे दोन-तीन तुकडे आण, त्यातला एक सकर मावेल एवढा रुंद. कडा पॉलिश पेपरने घास, धुऊन आजच टाकीच्या तळाशी ठेव. पंधरा दिवसांत ते त्यांचं घर होईल. लोचला अंग चेपून बसायला अशीच जागा लागते. निघायच्या आदल्या रात्री आधी टाकीतलं लाकूड काढ. हळूच उचल, पाण्यातच हलवून बघ, कारण माझा एक लोच लाकडाच्या पोकळीत बसून बाहेर आला होता आणि आतून टकटक आवाज आला म्हणून कळलं. लाकूड गेलं की सगळे पाइपमध्ये शिरतील. दोन्ही तोंडांवर तळवे ठेवायचे आणि पाइपच झाकणाच्या बादलीत सोडायचा. माशाला हातसुद्धा लागत नाही.

आता आरोवाना. तेवीसपासून खायला काही देऊ नकोस. तो तोंडाकडे बघत राहील, तुला वाईट वाटेल, पण एवढा मोठा मासा दोन दिवस आरामात काढतो. पोट भरलेलं असलं की पिशवीतल्या थोड्या पाण्यात अमोनिया वाढतो. चोविसाच्या रात्री टाकीचा दिवा घालव, खोलीतही मंद उजेड ठेव. मध्येच लख्ख दिवा लागला तर तो उसळी मारेल. ॲमेझॉनच्या पुरात बुडालेल्या जंगलात हा मासा वरच्या फांदीवरचे किडे उडी मारून पकडतो, त्यामुळे झाकण अर्धंच उघडायचं. मग नळीने पाणी कमी करत त्याची पाठ जेमतेम बुडेल तिथवर आण. काढलेलं पाणी फेकू नकोस, ड्रममध्ये भर. तुझी टाकी सहा बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे जवळजवळ ६८० लिटर. सगळं नेता येणार नाही, पण दोनशे लिटर तरी ने.

पिशवी जाड पॉलिथिनची, त्याच्यापेक्षा दीडपट लांब, एकात एक अशा दोन. तळाचे कोपरे रबराने बांध, नाहीतर तोंड कोपऱ्यात चेपतं. पिशवी टाकीत बुडवून, पाण्याने भरून, तोंड उघडं ठेवून आडवी धरायची. पाण्यात ती त्याला जवळजवळ दिसतच नाही. दुसऱ्या बाजूने हात हळूहळू पुढे न्यायचा. तो वळेल, वळू दे. पुन्हा येईल. मला एकदा पाऊण तास लागला होता, पण एकही खवला पडला नाही. डोकं आणि अर्धं अंग आत गेलं की पिशवीचं तोंड वर घ्यायचं आणि दुसऱ्याने खालून दोन्ही हातांनी आधार द्यायचा.

दुकानदार लवंगेच्या तेलाचं सांगेल. त्यातल्या युजेनॉलने मासा गुंगतो हे खरं आहे, पण मात्रा थोडी चुकली तरी कल्ले हलायचे थांबतात. घरी तो प्रयोग नको.

पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. दुकानातून सिलिंडर मागवून घे. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात आडवी ठेव, झाकण लाव. अंधारात तो शांत राहतो, आणि इगतपुरीच्या पुढे जानेवारीचा गारठा आहे. सामान चढवताना टाकी सगळ्यात शेवटी, म्हणजे नाशिकला ती आधी उतरेल. टाकीत पाणी किंवा वाळू ठेवून ती उचलू देऊ नकोस, सांधे सुटतात. फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात ओला ठेव. नळाखाली धुतलास तर त्यातले पाणी साफ ठेवणारे जिवाणू मरतील. नाशिकच्या नळाच्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध, मग हीटर, मग मासा. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेव आणि उघडल्यावर लगेच त्याला सोड. थेंब थेंब पाणी घालत बसू नकोस. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होतं आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. हवा लागली की तोच विषारी होतो. पहिली रात्र दिवा बंद, झाकणावर वजन.

या कामाला दोन माणसं लागतात, आणि वहिनींना त्या दिवशी शंभर कामं असतील. मी चोविसाला दुपारच्या बसने ठाण्याला येतो. पिशवीचं तोंड मी धरेन, हात तू घाल. तो तुला ओळखतो.

तुझा,
अवि

ता. क. पाइप आजच आण. उद्यावर टाकू नकोस.