मैदान हलवायचं की राखायचं? सभेला या, आणि हात मोकळा ठेवून या

सर्व सभासद, माजी खेळाडू, पालक आणि हितचिंतक यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर गुढीपाडव्याच्या आधी तुमच्या हातात पडायला हवं होतं. मार्चअखेर, ऑडिट आणि बारा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा हे तिन्ही एकाच पंधरवड्यात आलं, त्यामुळे उशीर झाला. चूक चिटणिसाची, म्हणजे माझी. पण आता एक दिवसही थांबता येणार नाही, कारण एकाच आठवड्यात दोन कागद आपल्या फुटबॉल क्लबच्या खोलीत येऊन पडले आहेत. पहिलं पत्र खडकीतल्या आपल्या मैदानाच्या मालकांचं. मैदान पावसाळ्यात वापरण्याजोगं करा, नाहीतर पुढच्या भाडेकराराचं बघू, असं त्यात म्हटलंय. दुसरा प्रस्ताव मोशीच्या पुढे नवं स्टेडियम बांधणाऱ्या एका जमीनमालकांचा आहे: तुमचा क्लब आमच्याकडे आणा.

"बघू" या शब्दाचा अर्थ पुणेकरांना समजावून सांगायला नको.

जुन्या मंडळींना पुढचं सगळं पाठ आहे, तरी वाचावं. नव्या पालकांपैकी कितीतरी जणांना वाटतं की क्लब म्हणजे महिन्याची फी आणि व्हॉट्सॲपवरचं वेळापत्रक. तसं असतं तर मोशीलाच काय, वाघोलीलाही कधीच गेलो असतो.

आपले आजचे गोलपोस्ट दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या वेल्डरकाकांनी केलेले आहेत. त्याआधी लाकडी होते, दर पावसाळ्यात एक तरी खांब कलायचा. काकांनी पाइप आणला, कापला, जोडला आणि टेप लावून दाखवलं: रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर, कुठल्याही वर्ल्ड कपला असते तेवढीच. मजुरी घेतली नाही. त्यानंतर कित्येक वर्षं दर रविवारी येऊन आडव्या पाइपवर किल्लीने टकटक करून आवाज ऐकायचे. आतून गंज धरला की आवाज बदलतो, म्हणायचे. आज काका नाहीत. पाइपचा आवाज मात्र बदललेला नाही, मी स्वतः किल्ली मारून बघतो.

बेकरीवाले काका सराव संपला की खारीचा डबा पाठवायचे. सामना हरलो तर दोन डबे. आम्हाला तेव्हा वाटायचं, हिशेबात काहीतरी घोटाळा होतोय. मैदानाला लागून राहणाऱ्या आजींनी आपल्या पडवीत वीस वर्षं नेट ठेवून घेतलं. नुसतं ठेवलं नाही, मोसम संपला की धुऊन वाळत घालायच्या. एवढ्या मोठ्या मच्छरदाणीत झोपतं कोण, असं शेजारणी विचारायच्या. कोपऱ्यावरचे चपला शिवणारे दादा मुलांचे फाटके बूट शिवून द्यायचे आणि पैसे वहीत मांडायचे. ती वही कुणासमोर कधी उघडली गेली नाही. दरवर्षी फक्कीची पोती फुकट देणारे हार्डवेअरवाले शेठ, बाहेरगावच्या स्पर्धेला टेम्पो देऊन वर डिझेलही स्वतःच भरणारे मामा, रात्रशाळेत शिकवून पहाटे मुलांना पळवणारे आपले पहिले कोच: यादी लांबेल आणि कुणीतरी राहून जाईल. राहिलेल्यांनी रागवावं, पण सभेला येऊन रागवावं.

या माणसांच्या जिवावर आपण तिसऱ्या डिव्हिजनमधून दुसऱ्यात चढलो. फार मोठी गोष्ट नाही, मान्य. पण भाड्याच्या मैदानावर, बिनपगारी कोच आणि बहुतांश कामगारवस्तीतली पोरं घेऊन चढलो. मुलींचा संघही आता आहे. त्यातल्या दोघी तर आपल्याच माजी खेळाडूंच्या मुली.

आता थोडं टोचणारं. पुण्यात फुटबॉलचं वेड नाही असं कुणी म्हणू नये. २००७ साली पुणे एफसी निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, दुसरा आला. मग भारत एफसी आणि डीएसके शिवाजियन्स आले, २०१४ पासून इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) पुणे सिटी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं बालेवाडीचं संकुल शनिवार-रविवारी जर्सी घातलेल्या लोकांनी फुलायचं. आपलेही कितीतरी सभासद तिथे तोंड रंगवून जायचे, मी पाहिलंय, कारण मीही गेलोय. २०१९ मध्ये शेवटचा, पुणे सिटी, गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा क्लब उभा राहिला. बाकीचे त्याआधीच बंद पडले होते. तेव्हा हळहळणाऱ्यांपैकी एकानेही आपल्या लीगच्या सामन्याला येऊन उभं राहावं, एवढीच माझी इच्छा होती. आपले लीगचे सामने शिवाजीनगरला एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर नाहीतर ढोबरवाडीला असतात. तिकीट नसतं. चहा बाहेर मिळतो. तरी बाजूला उभी असतात ती राखीव खेळाडू आणि त्यांच्या आया.

आणि सभेबद्दल तर बोलायलाच नको. गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेला गणपूर्ती झाली नाही. नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरवली. अकरा जण होतो. एक संघ झाला असता, राखीव खेळाडूंशिवाय.

तर मुद्दा. मोशीच्या प्रस्तावात चांगलं पुष्कळ आहे, ते आधी सांगतो. कृत्रिम गवताचं पूर्ण मापाचं मैदान, दिवे, कपडे बदलायला स्वतंत्र खोल्या, पाचशे माणसं बसतील असा स्टँड. तिथे लीगचे सामनेसुद्धा मागता येतील. आपल्या तरुण सभासदांना हे सगळं हवंय आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. कुणाला चिखलात घसरून गुडघा फोडून घ्यायची हौस नसते.

आता अटी. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा मैदान तासावर भाड्याने जाणार, कंपन्यांचे संघ वगैरे. आपल्याला सकाळी सहा ते आठ. खडकीहून मोशीला पीएमपीने जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात, म्हणजे दहा वर्षांच्या पोराने पहाटे साडेचारला घर सोडायचं. मुलींच्या आईवडिलांना मी हे विचारून पाहिलं, उत्तर लिहायची गरज नाही. शिवाय अनामत रक्कम भरायची आहे, आणि ती कुठून, तर क्लबची खोली विकून, असं सुचवण्यात आलंय. ती खोली विश्वस्त संस्थेची मालमत्ता आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी घेतल्याशिवाय ती विकता येत नाही. म्हणजे आधी कोर्टकचेरीसारखी धावपळ, मग विक्री, मग अनामत. आणि कृत्रिम गवत हा कायमचा माल नव्हे, आठ-दहा वर्षांत बदलावं लागतं. त्या खर्चाबद्दल प्रस्तावात एक ओळ नाही. मे महिन्याच्या दुपारी ते गवत पाय भाजेल इतकं तापतं, हे ज्यांनी खेळून पाहिलंय त्यांना विचारा.

कार्यकारिणीच्या बैठकीत एका तरुण सभासदाने इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्ड क्लबचं उदाहरण दिलं. १९०४ पासूनचं जुनं मैदान सोडून २०२० मध्ये नव्या स्टेडियमवर गेले आणि पुढच्याच वर्षी प्रीमियर लीगमध्ये चढले. उदाहरण चांगलं आहे, मी घरी जाऊन वाचलं. ब्रेंटफर्डचं नवं स्टेडियम जुन्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्याच विम्बल्डन फुटबॉल क्लबने १९९१ मध्ये प्लाव लेन हे आपलं मैदान सोडलं, दुसऱ्याच्या मैदानावर बिऱ्हाड थाटलं आणि शेवटी २००३ मध्ये त्यांना मिल्टन कीन्स या भलत्याच गावी नेलं. पाठीराख्यांनी त्याआधीच वेगळा क्लब काढला होता, अगदी तळापासून. तो २०२० मध्ये प्लाव लेनवर परत आला, आणि त्यासाठी पाठीराख्यांनीच कर्जरोखे घेऊन ५० लाख पौंडांच्या वर पैसा उभा केला. आणि डार्लिंग्टन. तेव्हा इंग्लंडमध्ये चौथ्या पातळीवर खेळणारा क्लब. १८८३ पासूनचं गावातलं मैदान सोडून २००३ मध्ये गावाच्या कडेला २५,००० खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये गेला. प्रेक्षक दोन-चार हजार. त्या वर्षाअखेरच कर्जाच्या कारवाईत अडकला, आणि २०१२ मध्ये ते स्टेडियम सोडून रस्त्यावर आला. वाचून झाल्यावर मी त्या तरुणाला फोन केला. तो म्हणाला, "काका, तुम्ही अंतर मोजताय, मी खुर्च्या मोजत होतो." हुशार मुलगा आहे, पुढच्या वर्षी त्याला सहचिटणीस करावा.

त्यामुळे कार्यकारिणीचं मत (पाच विरुद्ध दोन) असं आहे की मोशीला तूर्त नको म्हणावं आणि खडकीचं मैदान नीट करावं. अंतिम निर्णय अर्थातच सभेचा. पण सभेने राहायचं ठरवलं आणि पैसे नसले, तर त्या ठरावाला काही अर्थ नाही. मैदानाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि जुलैत चिकट गोळा होते. मागच्या मोसमात उत्तरेकडच्या गोलसमोर असं तळं साचलं की चेंडू रेषेपासून हातभर अलीकडे जागच्या जागी रुतला. पुढचा मुलगा आणि गोलकीपर दोघंही त्याच्याकडे घसरत गेले आणि दोघंही चेंडूच्या पुढे निघून गेले. लोक हसले. रेफ्रीने खेळ थांबवला, मुलांनी गोणपाटं पसरून पाणी टिपलं, बादलीत पिळलं, पुन्हा टिपलं. पाऊण तास. पाहुणा संघ निघून गेला.

यावरचा उपाय काही अवघड नाही. मैदानाच्या मध्याला थोडी चढ देऊन दोन्ही कडांना उतार काढायचा. आडवे चर खणून त्यात भोकं पाडलेला पाइप, वर खडी, वर वाळू घालायची, कडेच्या गटारापर्यंत पाणी न्यायचं, वर पोयट्याचा थर द्यायचा आणि पहिला पाऊस झाला की दूर्वा लावायच्या. माती बसायला वेळ लागतो, म्हणून काम मृगाच्या आत संपलं पाहिजे. मैदान लहान आहे अशी ओरड असते, म्हणून टेप लावून मोजलं. लांबी ९२ मीटर भरली. नियमात किमान ९० लागते. दोन मीटर आपण श्रीमंत आहोत.

खर्चाचा अंदाज ६,८०,००० रुपये. क्लबकडे शिल्लक १,१५,०००. हितचिंतकांनी कबूल केलेले ९०,०००. उरलेले ४,७५,००० तुमच्याकडून. पावती पुस्तकं खजिनदारांकडे आणि क्लबच्या खोलीत (सोमवार सोडून रोज संध्याकाळी ६ ते ८). चेक क्लबच्या नावाने, क्यूआर पावती पुस्तकाच्या मागे. प्राप्तिकरातली ८०-जीची सवलत हवी असेल तर पॅन द्यावा लागेल. रोख देणगीला २,००० रुपयांपर्यंतच सवलत मिळते आणि नवी करपद्धत घेतलेल्यांना ती मिळत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या. एकरकमी जमत नसेल तर तीन हप्ते चालतील. नाव छापू नये अशी इच्छा असेल तर तसं पावतीवर लिहा. ट्रक, जेसीबी, खडी, पाइप कुणाच्या ओळखीने स्वस्तात मिळत असेल तर पैशाइतकंच बरं.

सभा येत्या रविवारी सकाळी १० वाजता, मैदानासमोरच्या मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये. मुहूर्त नसल्यामुळे मालकांनी भाडं घेतलेलं नाही, त्यांचे आभार. ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांना मतदान करता येणार नाही, दारातच भरून घेऊ. मोशीच्या बाजूने बोलायचं असेल त्यांनीही जरूर यावं. मला खरंच ऐकायचंय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिटणीस

ता. क. सभा झाली की तिथूनच मैदानावर जाऊन उत्तरेकडचा पहिला चर आखायचा आहे. फक्की आहे, दोरी आहे. फावडी तीनच आहेत, घरी असेल त्यांनी घेऊन यावं आणि दांड्यावर नाव लिहून आणावं, मागच्या वेळची दोन अजून परत गेलेली नाहीत.