विनोद पुरे, फोटो तरी सुलटा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला झुबिन मेहतांवरचा, म्हणजे पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राला छडीने इशारे देऊन वाजवून घेणाऱ्या कंडक्टरवरचा, लेख वाचला. ‘तिकीट न फाडणारा कंडक्टर’ हे शीर्षक सुचल्याचा लेखकाला फारच आनंद झालेला दिसतो, कारण एसटी पुढे आणखी तीनदा येऊन जाते. तेही सोसू. पण ‘वादकांपुढे सगळे लिहिलेलेच असते, मेहता फक्त ताल मोजून देतात’ या वाक्यावर गप्प बसवत नाही. ताल मोजायला मेट्रोनोम नावाचे टिकटिकणारे यंत्र पुरते, त्याला मानधनही लागत नाही.

लेखात बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे नाव आलेच आहे, तर तीच घेऊ. सुरुवातीचे चार स्वर सगळ्यांना पाठ असतात, पण त्यांच्याआधी अर्ध्या मात्रेची विश्रांती लिहिलेली आहे. बार, म्हणजे मात्रांचा एक गट, इथे दोन मात्रांचा आणि लय इतकी द्रुत, की अख्खा बार एकाच ठोक्यात दाखवतात. छडी खाली येते तेव्हा सगळे गप्प असतात, ती उसळली की स्वर निघतात. म्हणजे जे काही सांगायचे ते त्याआधी हात वर जातानाच सांगून व्हायला हवे: लय किती, जोर किती. तो इशारा जरा रेंगाळला किंवा दोनदा दिल्यासारखा वाटला, की व्हायोलिन आधी आणि क्लॅरिनेट मागून अशी वरात निघते. पुढे स्वर लांबवून धरायचे दोन थांबे येतात, त्यांतला दुसरा पहिल्यापेक्षा एका बारने लांब आहे. तो सोडणारी हालचाल हाच पुढच्या प्रवेशाचा इशारा समजायचा, की मध्ये श्वास घ्यायचा, हे तालमीत ठरलेले नसेल तर तिथे हमखास घसरगुंडी होते.

आपल्या खान्देशातल्या लग्नाच्या बँडला असा माणूस लागत नाही. क्लॅरिनेटवाल्याने मान हलवली की भागते, कारण ढोल चार पावलांवर असतो. ऑर्केस्ट्रात पुढची व्हायोलिन आणि मागचे ट्रॉम्बोन (पितळी फुंकवाद्ये) यांच्यात १२-१५ मीटर सहज पडतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे पुढचा स्वर मागे पोचेपर्यंत सेकंदाचा पंचविसावा भाग गेला. तो ऐकून ट्रॉम्बोनने वाजवले, तर परत पुढे येईपर्यंत उशीर दुप्पट. म्हणून मागच्यांनी कानावर नव्हे, छडीवर भरवसा ठेवायचा असतो.

‘मेहता मंचावर येऊन वाद्ये जुळवून घेतात’ हेही चूक. सूर ओबो हे फुंकवाद्य देते, जुळवणीवर लक्ष व्हायोलिनच्या प्रमुखाचे असते, आणि कंडक्टर त्यानंतर येतो.

पुरस्कारांना दोन परिच्छेद आणि व्हिएन्नाला अर्धी ओळ, ही वाटणी कोणी केली? वडील मेहली मेहतांनी मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, तेव्हा घरात कान तयार झाला हे खरे. पण धंद्याचे शिक्षण १९५४ पासून व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्कींकडे झाले. बारांचे गट पाडून रचनेचा सांगाडा वाचायला शिकवणारे ते गुरू. तिथे मेहता डबल बास (व्हायोलिनच्या जातीचे मोठे, खर्जातले वाद्य) शिकले. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून क्लाउडिओ अबाडोंबरोबर (तेही पुढे नावाजलेले कंडक्टर) गायकवृंदात उभे राहून गायले. १९५८ ची लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा, मग माँट्रियल, लॉस एंजेलिसचे ऑर्केस्ट्रा हे सगळे त्यानंतरचे. तुमचा लेखक याला ‘नशिबाची साथ’ म्हणतो!

आता फोटो. मेहतांच्या डाव्या हातात छडी, आणि झाडून सगळे व्हायोलिनवादक डावखुरे! मेहता छडी उजव्या हातात धरतात, आणि व्हायोलिनचा गज तर ऑर्केस्ट्रात उजव्याच हातात असतो. चेहरा मजकुराकडे वळावा म्हणून फोटो उलटवला असणार. मजकूर उलटवता आला असता तर बरे झाले असते.

जाता जाता. त्याच पानावर ‘आज सायंकाळी अवश्य ऐका’ म्हणून मुंबईच्या मैफलीची चौकट आहे. जळगावहून मुंबई चारशेहून अधिक किलोमीटर. अंक सकाळी हातात पडल्यावर कोणती गाडी पकडायची, तेही छापत जा.

आपला,
एक नियमित वाचक, जळगाव