सईच्या कॉलेजबद्दल बाबांनी विचारलं होतं म्हणून

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांचा प्रश्न अर्धाच राहिला. आईचा कुकर झाला, मग शेजारच्या काकू आल्या आणि विषय गेला तो गेलाच. म्हणून सवडीने लिहितोय. अक्षर मोठं ठेवलंय, दादाला प्रिंट काढून द्यायला सांगा. फोनच्या स्क्रीनवर वाचू नका.

बाबा, तुमचा प्रश्न असा होता की सईच्या कॉलेजला मोठ्या गटातून काढून टाकलं असं कुणीतरी सांगितलं, मग तिच्या डिग्रीला काही किंमत राहणार का?

आधी डिग्रीचं सांगतो. तुम्ही कृषी खात्यात लागलात तेव्हा कल्याणसोना आणि सोनालिका हे गहू शेतकऱ्यांच्या गळी उतरवत गावोगाव फिरायचात. त्या बुटक्या गव्हाचं मूळ शोधत गेलं की वाट सईच्या पुलमन गावालाच पोचते. ऑर्व्हिल व्होगेल नावाचे शास्त्रज्ञ तिथेच, सईच्या युनिव्हर्सिटीत काम करायचे. जपानच्या नोरिन-१० या बुटक्या वाणाचा तिथल्या गव्हाशी संकर करून त्यांनी ते बियाणं मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉगना पाठवलं. बोरलॉगकडून ते आपल्याकडे आलं. तेव्हा तुमची नात काही आडगावच्या कॉलेजात शिकत नाही. गाव आडबाजूला आहे, एवढं खरं.

आता गटाचं. सईच्या वॉशिंग्टन स्टेटला कुणी काढलं नाही. बाकीचे सगळे उठून गेले आणि ते एकटे मागे राहिले. आणि उठून जाणाऱ्यांत माझी युनिव्हर्सिटी होती, ज्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या डिग्रीचा फोटो तुम्ही हॉलमध्ये लावलाय ती. आमच्या घरात आता हा विषय जपूनच काढावा लागतो.

इथे कॉलेजच्या फुटबॉलसाठी युनिव्हर्सिट्यांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. (हा आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू लंबगोल असतो, बराच वेळ हातातच असतो आणि दर दहा सेकंदांनी खेळ थांबतो. बाबा, तुम्हाला पहिला तासभर राग येईल.) पॅसिफिक किनाऱ्याकडच्या युनिव्हर्सिट्यांचा गट १९१५ साली सुरू झाला, वॉशिंग्टन स्टेट त्यात १९१७ ला आली. वाढत वाढत २०११ मध्ये तिथे बारा जण झाले आणि पॅक-१२ हे नाव पडलं. शेजारीपाजारी एकमेकांशी खेळायचे, जिंकेल तो नवीन वर्षाच्या दिवशी लॉस एंजेलिसजवळ 'रोज बोल' नावाची मॅच खेळायचा. असं शंभर वर्षं चाललं.

मग टीव्हीचा पैसा वाढत गेला. १९८४ ला इथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कॉलेजांच्या मॅच टीव्हीवर किती दाखवायच्या हे एकच मध्यवर्ती संस्था ठरवू शकत नाही. तेव्हापासून ज्याचा गट मोठा त्याचा सौदा मोठा. जून २०२२ मध्ये पॅक-१२ मधल्या लॉस एंजेलिसच्या दोन्ही युनिव्हर्सिट्यांनी जाहीर केलं की आम्ही बिग टेनमध्ये चाललो. बिग टेन म्हणजे मिशिगन, ओहायो वगैरे, मधल्या पट्ट्यातला श्रीमंत गट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, ७ अब्ज डॉलरहून जास्तीचा. पॅक-१२ च्या हातात मात्र वर्षभराने आला तो ॲपल कंपनीच्या स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, तोही ग्राहक किती मिळतील यावर अवलंबून. ४ ऑगस्ट २०२३ च्या सकाळी सगळ्यांनी त्यावर सह्या करायच्या होत्या. संध्याकाळपर्यंत आमची वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनमध्ये, ॲरिझोनाच्या दोन आणि युटा बिग १२ नावाच्या तिसऱ्या गटात! कोलोरॅडो आठवडाभर आधीच निघाली होती. सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेल्या. अटलांटिक! स्टॅनफर्डपासून पॅसिफिक तासाभराच्या आत आहे. मागे उरल्या दोनच, ओरेगन स्टेट आणि आपल्या सईची.

आमच्या युनिव्हर्सिटीला अगदीच खलनायक ठरवायला मी तयार नाही. २०१३ मध्ये स्टेडियम नव्याने बांधलं, खर्च सुमारे २८ कोटी डॉलर, कर्ज डोक्यावर. नव्या गटात सुरुवातीला अर्धाच वाटा मिळतोय, तरी तो वर्षाला ३ कोटी डॉलरच्या आसपास आहे. हिशेब मला कळतो. पण हिशेब मांडणाऱ्याने नकाशा उघडला नव्हता असं आजही वाटतं. २०२४ ला आमची टीम न्यू जर्सीला रटगर्स युनिव्हर्सिटीशी खेळायला गेली, सरळ रेषेत जवळजवळ ३,९०० किलोमीटर. बाबा, कोल्हापूरहून श्रीनगरला जाऊन परत आलात की तेवढं भरेल. फुटबॉलवाले निदान चार्टर विमानाने जातात. त्याच गटात व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीही आहेत, त्यांच्या परीक्षा असतात, आणि त्यांच्या मॅचसाठी टीव्हीवाले काही पैसे ओतत नाहीत.

आपल्याकडचं सांगायचं तर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमने उद्या मुंबईच्या एखाद्या चॅनेलसाठी कोलकात्याच्या लीगमध्ये नाव घातलं आणि शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळाशी खेळायला तारीखच उरली नाही, असं समजा. आई, तुझं माहेर शिवाजी पेठेतलं आणि बाबा पाटाकडीलचे. त्या मॅचच्या दिवशी आपल्या घरात जेवणाच्या ताटावर जे चालायचं तेच आता माझ्या घरात चालतं, फक्त जांभळ्या आणि लाल रंगाचं. जांभळा आमचा, लाल सईचा. तिच्या आईने दोन्ही रंगांची ओढणी काढून ठेवलीय. मी त्याला फितुरी म्हणतो.

या दोन युनिव्हर्सिट्यांच्या मॅचला ॲपल कप म्हणतात. मॅच १९०० पासूनची, हे नाव १९६२ पासूनचं. कपिलतीर्थ मार्केटात स्टिकर लावलेली लाल वॉशिंग्टन सफरचंदं मिळतात, ती याच राज्यातली. गट फुटले तेव्हा वाटलं मॅचही गेली. ओक्लाहोमाच्या दोन युनिव्हर्सिट्यांची शंभरावर वर्षं चाललेली मॅच २०२३ नंतर खरंच बंद पडलीय. इथे मात्र दोघांनी बसून २०२८ पर्यंतचा करार केला. अट एवढीच की नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यातली मॅच सप्टेंबरात आली, कारण नोव्हेंबरच्या तारखा आता बिग टेनच्या मालकीच्या. पहिल्या वर्षी, २०२४ ला, आमच्या सिॲटलमध्ये सईची युनिव्हर्सिटी २४-१९ ने जिंकली. शेवटच्या मिनिटाला आमचे लोक गोलरेषेपासून एका यार्डावर होते आणि तिथेच अडवले गेले. सई तेव्हा नुकतीच पुलमनला गेली होती. माझ्या तोंडाकडे बघून ती बोलली नाही, पण फ्रीजवर स्कोअर लिहून गेली.

यंदा, २०२५ ला, २० सप्टेंबरला मॅच पुलमनला होती, म्हणून आम्ही गाडी काढली. सिॲटलहून साडेचारशे किलोमीटरच्या वर. स्नोक्वाल्मीचा घाट उतरला की हिरवं संपतं. व्हँटेजला कोलंबिया नदी ओलांडायची, मग २६ नंबरच्या रस्त्याला लागलं की आधी सफरचंदाच्या बागा आणि नंतर नुसत्या टेकड्या. वाऱ्याने हजारो वर्षं आणून टाकलेल्या मातीच्या गोल गोल टेकड्या, त्यावर गहू. कापणी झालेली होती, सगळीकडे पिवळी धसकटं, आणि एका उतारावर पुढची पेरणी चालू. एवढ्या उभ्या उतारावर ट्रॅक्टर कसा चालवतात ते तुम्हाला बघायला आवडलं असतं, बाबा. मी गाडी थांबवून तुमच्यासाठी व्हिडिओ काढलाय, सई पाठवेल.

वाटेत कोलफॅक्स लागतं, जेमतेम तीन हजार वस्तीचं. तिथल्या काउंटी कोर्टात २०२३ मध्ये मागे राहिलेल्या दोघांनी दावा लावला होता, की जे निघून चाललेत त्यांनी गटाच्या तिजोरीवर मतं का द्यावीत? कोर्टाने कारभार या दोघांच्या हाती दिला, राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. त्या जोरावर त्यांनी गट जिवंत ठेवला आणि २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरे नवे भिडू येतायत. पैसा पूर्वीइतका नाही. चांगला खेळाडू तयार झाला की कुणीतरी उचलून नेतो. कॅम वॉर्ड इथे दोन वर्षं खेळला, मग मायामीला गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिला निवडला गेला. २०२४ चा सीझन संपल्यावर कोचही गेले आणि क्वार्टरबॅकही, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू.

पुलमनचं स्टेडियम कॅम्पसच्या अगदी मधोमध आहे, वर्गातून बाहेर पडलं की समोर गेट. मी जांभळी टोपी घातली होती. सईने आधीच बजावलं होतं, "बाबा, कुणी काही बोललं तर हसायचं." बोलले की! पण मॅचआधी पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिकी उघडून लोक शेगड्या पेटवतात, तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझी टोपी बघून मुद्दाम हाक मारली. "ही काढलीत तर जेवायला देतो," म्हणाला. मी काढली नाही, तरी त्याने दिलं. कणीस भाजलेलं होतं, वर लोणी. एका उलट्या खोक्यावर पत्र्याच्या डब्यातलं चीज कापून ठेवलेलं, कूगर गोल्ड. ते युनिव्हर्सिटीच्या डेअरीत विद्यार्थीच बनवतात आणि चक्क डब्यात बंद करून विकतात. आई, तुला ते आवडेल, आपल्या अमूलपेक्षा बरंच खारट आणि भुसभुशीत. एक डबा घेऊन ठेवलाय.

त्या माणसाचं एक बोलणं डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, आम्हा गहूवाल्यांना सिॲटलला जायचं कारण ते काय असणार? ट्रॅफिक, पाऊस आणि महागाई. पण एका वर्षाआड नोव्हेंबरात मॅच असायची म्हणून सगळं घर जायचं, मुलांनी समुद्र पहिल्यांदा तेव्हाच बघितला. आणि मधल्या वर्षी तुम्ही लोक इकडे यायचात, बर्फात कुडकुडायचात. सप्टेंबरात पेरणी असते, आता आमच्यातले निम्मे येतच नाहीत.

मला हे कधी सुचलं नव्हतं. इतकी वर्षं या राज्यात राहून डोंगरापलीकडे माझं काय काम होतं? ऑफिसातले कित्येक जण सिंगापूरला जाऊन आलेत, पण पुलमनला गेलेले नाहीत. राज्याच्या राजकारणात सुद्धा डोंगराच्या दोन बाजू एकमेकांना शिव्या देतात. या मॅचच्या निमित्ताने मात्र दोन्हीकडचे एकमेकांच्या दारात जाऊन शिव्या द्यायचे, आणि मग तिथेच जेवायचे. टीव्हीवाल्यांना रटगर्सचे प्रेक्षक मोजता येतात, हे मोजता येत नाही. म्हणून ते कुणाच्या करारात नाही.

मॅचचं काय सांगू, आम्ही ५९-२४ ने जिंकलो. शेवटच्या क्वार्टरमध्ये मला जल्लोष करायचीही लाज वाटायला लागली, इतकं एकतर्फी. तरी ती पोरं शेवटपर्यंत ओरडत होती. एका बाजूने "गो", समोरून "कूग्ज", म्हणजे त्यांच्या कूगर्स टीमचं लाडकं नाव. सईचा घसा दोन दिवस बसला होता, म्हणून तिने तुम्हाला फोन केला नाही. रागावली नव्हती.

आता मुद्द्याचं. पुढची ॲपल कप २०२६ च्या सप्टेंबरात सिॲटलला, आमच्या हस्की स्टेडियमवर आहे. तुम्ही मे महिन्यात येणारच आहात, तर परतीचं तिकीट ऑगस्टचं काढू नका. गणपतीला घरी हवं हे मला माहीत आहे. आई, पुढच्या वर्षी दादा-वहिनी बसवतील, मी त्यांच्याशी बोललोय. बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको, लाइट रेल थेट स्टेडियमच्या दाराशी थांबते आणि वर यायला लिफ्ट आहे. स्टेडियम तळ्याकाठी आहे, लोक बोटी घेऊन मॅचला येतात, ते बघूनच आई खूश होईल. रक्तदाबाच्या गोळ्या पाच महिन्यांच्या एकदमच घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. कांदा-लसूण चटणी नेहमीपेक्षा जास्त आणा, सईला होस्टेलवर न्यायची आहे.

तिकिटं लवकर संपतात म्हणून जागा आत्ताच ठरवायला हव्यात. पाहुण्या युनिव्हर्सिटीच्या लोकांना वेगळा कोपरा असतो, सई तिथे बसणार आणि आई, तू तिच्या शेजारी, यात मला शंका नाही. बाबा, तुम्ही कुठे बसणार ते दिवाळीच्या आधी कळवा.

तुमचा,
महेश