थायरॉईडच्या गाठीचा सोनोग्राफी रिपोर्ट एका नमुन्यात असावा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : थायरॉईडच्या गाठींच्या सोनोग्राफी रिपोर्टसाठी राज्यभर एकच नमुना ठरवून देण्याबाबत.

महोदय,

मी सांगली जिल्ह्यातील विटा येथे जनरल प्रॅक्टिस करतो. गळ्याला गाठ लागते म्हणून दाखवायला येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते आणि त्यांतील अनेकींच्या पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट आधीच असतो. गाठ साधी दिसते की कर्करोगाचा संशय घेण्यासारखी आहे, सुईची तपासणी (गाठीतून सुईने पेशी काढून पाहणे) आता करावी की वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी केली तरी चालेल, एवढे त्या कागदावरून ठरवता यावे ही माझी अपेक्षा असते. ती बऱ्याचदा पुरी होत नाही. तपासणी झालेली असते, पैसे दिलेले असतात, डॉक्टरांनी गाठ नीट पाहिलेलीही असते. जे पाहिले ते कागदावर उतरलेले नसते.

आमच्या खानापूर-आटपाडी भागातील असंख्य कुटुंबे गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायानिमित्त तमिळनाडू, केरळपासून उत्तरेपर्यंत पांगलेली आहेत आणि गावच्या यात्रेला किंवा दिवाळीला घरी येतात. अशाच एका कुटुंबातील बाई दोन रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. कोईमतूरच्या जुन्या रिपोर्टात गाठीची तिन्ही मापे होती, सर्वांत मोठे १.६ सेंमी, आणि शेवटी ‘टायरॅड्स ३’ असा, म्हणजे गाठ किती संशयास्पद आहे त्याच्या वर्गाचा, शेरा होता. इकडच्या नव्या रिपोर्टात एकच ओळ होती : उजव्या लोबमध्ये (ग्रंथीच्या उजव्या भागात) १.८ × १.२ सेंमीची गाठ दिसते, क्लिनिकली कोरिलेट करावे, म्हणजे रुग्णाला तपासून ताडून पाहावे. गाठ वाढली असे म्हणायचे तर किमान दोन मापांत २० टक्के आणि २ मिमीची, किंवा घनफळात ५० टक्क्यांहून अधिक वाढ दिसावी लागते. तिसरे माप नाही, गाठीचे वर्णन नाही, त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवूनही काही सांगता येईना. बाईंच्या दिरांचे म्हणणे सरळ होते : शंका कशाला ठेवायची, काढूनच टाका. त्यांना दोष कसा द्यावा? रिपोर्टानेच त्यांच्यापुढे शंकेखेरीज काही ठेवले नव्हते.

महोदय, थायरॉईडमध्ये गाठ असणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. हाताला लागणारी गाठ शंभरातील ४ ते ७ प्रौढांत सापडते आणि चांगल्या यंत्राने सोनोग्राफी केली तर कोठे १९, तर कोठे ६८ टक्के लोकांतही गाठी दिसल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. यांतील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. रक्तातील टीएसएच (थायरॉईडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे संप्रेरक) पाहून मात्र हा निवाडा होत नाही. कर्करोगाची गाठ असतानाही टीएसएच बहुधा नॉर्मल येते आणि ‘थायरॉईड नॉर्मल आहे’ असे ऐकून रुग्ण निश्चिंत होतो. गाठ कोणत्या जातीची असावी याचा पहिला अंदाज सोनोग्राफीच देते आणि तो अंदाज कसा बांधायचा याची पद्धत ठरून गेलेली आहे. चिलीतील डॉक्टरांनी २००९ मध्ये टायरॅड्स या नावाने वर्गवारी मांडली. पुढे कोरिया, युरोप आणि अमेरिकेत तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या तयार झाल्या. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची २०१७ ची आवृत्ती गुणांवर चालते, म्हणून ती शिकवायला मला सर्वांत सोपी वाटते.

तिच्यात पाच गोष्टी पाहायच्या असतात. पहिली, गाठ कशाने भरलेली आहे : नुसते पाणी किंवा स्पंजासारखी जाळी असेल तर शून्य गुण, पाणी आणि मांसल भाग मिसळलेले असतील तर एक, सगळी भरीव असेल तर दोन. दुसरी, पडद्यावर तिचा रंग आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा किती काळा दिसतो. मानेच्या स्नायूंहूनही काळी दिसणारी गाठ तीन गुण घेते. तिसरी गोष्ट आकाराची. आडव्या छेदात गाठ रुंदीपेक्षा उंचीला जास्त असेल तर एकदम तीन गुण, कारण साधी गाठ सहसा ऊतींच्या थरांना धरून पसरते आणि कर्करोगाची गाठ ते थर ओलांडून वाढते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. चौथी, कडा : गुळगुळीत कडेला शून्य, दातेरी किंवा खंडित कडेला दोन, आणि गाठ ग्रंथीबाहेर शिरलेली असेल तर तीन. पाचवी, आत चमकणारे ठिपके. येथे घाई महागात पडते. पाठीमागे शेपटीसारखी मोठी रेघ सोडणारा चमकदार ठिपका कोलॉइडचा (ग्रंथीतील घट्ट द्रवाचा) असतो आणि त्याला शून्य गुण असतात; तशी शेपटी नसलेले बारीक ठिपके पॅपिलरी या जातीच्या थायरॉईड कर्करोगातील कॅल्शियमच्या कणांचे असू शकतात आणि त्यांना तीन गुण मिळतात. जाड कॅल्शियमला एक आणि गाठीच्या कडेने असलेल्या कॅल्शियमला दोन. रिपोर्टात नुसते ‘कॅल्सिफिकेशन आहे’ असे लिहिले की हा सगळा भेद पुसला जातो.

या गुणांच्या बेरजेवर पुढचा निर्णय होतो. बेरीज तीन असेल तर गाठ २.५ सेंमी झाल्यावर सुई, आणि १.५ सेंमीपासून नुसती देखरेख; चार ते सहा असेल तर १.५ सेंमीला सुई; सात किंवा जास्त असेल तर १ सेंमीलाच सुई. तीनपेक्षा कमी बेरजेच्या दोन वर्गांना सुई लागत नाही. या पद्धतीच्या पायाभूत पाहणीत सर्वांत खालच्या वर्गात कर्करोगाचे प्रमाण ०.३ टक्के आणि सर्वांत वरच्या वर्गात ३५ टक्के आढळले होते. म्हणजे १.८ सेंमीची एक गाठ बिनधास्त सोडून देता येते आणि तेवढ्याच मापाची दुसरी गाठ ताबडतोब तपासावी लागते. त्या बाईंच्या इकडच्या नव्या रिपोर्टात माप होते आणि नेमके हेच नव्हते.

सोनोग्राफी कर्करोगाचे अंतिम निदान करते असे मी म्हणत नाही. पाचांपैकी कोणतेही एक लक्षण एकटे पुरेसे नाही. फॉलिक्युलर जातीचा कर्करोग सोनोग्राफीतच काय, सुईच्या तपासणीतही खात्रीने ओळखता येत नाही. गाठ काढून तिचे आवरण सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच तो कळतो. सोनोग्राफीचे काम चाळणीचे आहे. ती नीट झाली नाही तर ज्यांना सुईची गरज नाही त्यांना सुई लागते, ज्यांना शस्त्रक्रियेची गरज नाही त्यांची ग्रंथी जाते आणि जन्मभर गोळी मागे लागते, काहींचा आवाज बसतो, काहींचे कॅल्शियम उतरते. आणि जिची गाठ खरोखर संशयास्पद होती, ती ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ या ओळीपाशी अडकून राहते.

आता आपल्या विभागाकडून काय हवे ते लिहितो. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याप्रमाणे गर्भवतीच्या सोनोग्राफीची फॉर्म ‘एफ’मधील नोंद या जिल्ह्यातील प्रत्येक केंद्र ठेवते. २०११ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली ८६७ होत्या, तेथे त्या कायद्याची किती गरज होती हे वेगळे सांगायला नको, आणि थायरॉईडच्या गाठीसाठी तसला धाक कोणी मागणारही नाही. परंतु ठरावीक नमुन्यात नोंद करण्याची सवय सोनोग्राफी केंद्रांना लागू शकते, हे त्यातून सिद्ध झाले आहे. थायरॉईडसाठी अर्ध्या पानाचा नमुना पुरेल : तिन्ही मापे, वरील पाच लक्षणे, मानेतील लसिकाग्रंथींची स्थिती, गुणांची बेरीज, आणि टायरॅड्सचा वर्ग कोणत्या आवृत्तीनुसार दिला तिचे नाव. शेवटची बाब किरकोळ वाटेल, पण अमेरिकन, युरोपीय आणि कोरियन आवृत्त्यांतील आकड्यांचे अर्थ व सुईसाठीची मापे सारखी नाहीत. नुसता ‘४’ लिहिला तर तो कोणाचा चार हे कळत नाही. शासकीय रुग्णालयांत हा नमुना सक्तीचा करावा. खासगी केंद्रे, मला खात्री आहे, मागोमाग तो उचलतील.

यात एक अडचण आपल्याच पातळीवर सुटू शकते. आमच्याकडील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आपल्या विभागाकडे आहेत, तर सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. जत किंवा आटपाडीच्या रुग्णाची सोनोग्राफी एका विभागात आणि सुईची तपासणी दुसऱ्या विभागात होणार असेल तर दोन्हीकडे एकच भाषा असायला हवी. नाहीतर तिकडे गेल्यावर सोनोग्राफी पहिल्यापासून करावी लागते, आणि शेतमजुरीवर जाणाऱ्या बाईचा आणखी एक रोज बुडतो. हा नमुना दोन्ही विभागांच्या संयुक्त आदेशाने काढावा, ही विनंती.

दुसरी गरज प्रोबची, म्हणजे सोनोग्राफी करताना अंगावर फिरवतात त्या भागाची. पोट आणि गर्भ पाहण्यासाठी वापरला जाणारा वक्र प्रोब थायरॉईडसाठी कामाचा नाही. ही ग्रंथी कातडीखाली अगदी वर असते आणि तिच्यातील बारीक कण दिसण्यासाठी जास्त फ्रीक्वेन्सीचा लिनियर (सरळ तोंडाचा) प्रोब लागतो. यंत्रे खरेदी करताना तो संचात घेतला जातो की नाही, हे एकदा तपासून घ्यावे. आणि सुईची तपासणी सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली करण्याची सोय निदान एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी व्हावी. हाताने चाचपून घातलेली सुई अर्धवट पाणी भरलेल्या गाठीत नेमकी पाण्यातच जाते आणि ‘नमुना अपुरा’ असा अहवाल येतो. काचपट्ट्या मिरजेला पाठवून तेथे वाचून घेता येतील. त्यासाठी तालुक्याला पॅथॉलॉजिस्ट नेमण्याची गरज नाही. आपल्या विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील तपासण्या आणि उपचार निःशुल्क केले आहेत, म्हणून ही सोय तेथेच झाली तर रुग्णाला तिचा खरा उपयोग होईल.

एक गोष्ट मात्र कृपया करू नये. थायरॉईडच्या सोनोग्राफीची सरसकट शिबिरे भरवू नयेत. वाढदिवसाचे फलक आणि मोफत तपासणीचा मंडप यांचे आमच्याकडे फार सख्य आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. दक्षिण कोरियात धडधाकट लोकांच्या तपासणीत ही सोनोग्राफी जोडली गेली आणि २०११ मध्ये थायरॉईड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्या आजाराने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. २०१४ मध्ये तेथील काही डॉक्टरांनीच जाहीरपणे या तपासणीविरुद्ध आवाज उठवला आणि पुढच्या वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. ज्याच्या गळ्याला गाठ लागते, आवाज बदलला आहे, घरात कोणाला हा कर्करोग झाला आहे किंवा लहानपणी मानेला रेडिएशन दिलेले आहे, त्याची सोनोग्राफी जरूर व्हावी. रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाची नव्हे.

या नमुन्याचा मराठी-इंग्रजी मसुदा सोबत जोडला आहे. आपल्या विभागातील आणि मिरजेच्या महाविद्यालयातील रेडिओलॉजी व पॅथॉलॉजीच्या तज्ज्ञांनी तो तपासून, हवा तसा दुरुस्त करून, आधी सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत वर्षभर वापरून पाहावा. वर्षाअखेरीस किती रुग्णांना सुई लागली, किती नमुने अपुरे आले आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी किती जणांत कर्करोग निघाला, हे आकडे जाहीर करावेत, अशी आपणास विनंती आहे.

आपला,
विटा, ता. खानापूर, जि. सांगली येथील एक जनरल प्रॅक्टिशनर